पुढची ओळ वाचकाच्या बोटाखाली : व्हिज्युअल नॉव्हेल लिहिणाऱ्यांचे प्रश्न

या वेळी आलेल्या प्रश्नांमध्ये व्हिज्युअल नॉव्हेल लिहू पाहणारे बरेच आहेत, आणि बहुतेकांची अडचण एकच आहे : गोष्ट हातात आहे, पण ती या माध्यमात उभी राहील का? ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्क्रीनवर मागे एक स्थिर चित्र असतं, त्यापुढे कमरेपर्यंत दिसणारं पात्र, खाली दोन-तीन ओळींची संवादचौकट आणि सोबत संगीत. एक क्लिक केलं की पुढचं वाक्य येतं. अधूनमधून पर्याय समोर येतात आणि निवडीप्रमाणे गोष्ट वळते. हा प्रकार जपानमध्ये वाढला. १९८३ साली एनिक्सने काढलेला, युजी होरी यांचा 'पोर्टोपिया' हा खुनाच्या तपासाचा खेळ त्याचा पूर्वज मानला जातो. १९९२ मध्ये चुनसॉफ्टच्या 'ओतोगिरिसो'ने पडदाभर मजकूर आणि आवाज यांच्या जोरावर भयकथा सांगितली. 'व्हिज्युअल नॉव्हेल' हे नाव रुळलं ते १९९६ पासून, लीफ या कंपनीने आपल्या मालिकेला ते दिल्यावर.

प्रश्न : कादंबरीत सगळं सांगता येतं, चित्रपटात सगळं दाखवता येतं. या दोन्हींच्या मधल्या माध्यमात नेमके कोणते कथाप्रकार चांगले जमतात?

उत्तर : कथाप्रकाराचं नाव थोडा वेळ बाजूला ठेवा आणि तुमच्या गोष्टीतला ताण कुठे आहे ते शोधा. तो चेहऱ्यात, बोलण्यात आणि मनात असेल तर हे माध्यम तुमच्या बाजूने आहे. तो जागेत आणि हालचालीत असेल तर प्रत्येक पानावर झगडावं लागेल.

याचं कारण माध्यमाच्या रचनेत आहे. चित्रपटात पात्राच्या मनातलं सांगायचं तर मागून आवाज द्यावा लागतो, आणि तो दोन मिनिटांपेक्षा जास्त चालला की जड होतो. कादंबरीत मनातलं सहज सांगता येतं, पण चेहरा एकदा वर्णन केला की तीन वाक्यांनंतर वाचक तो विसरलेला असतो. व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये समोरची बाई हसून "काही नाही" म्हणते आणि ते हसू पडद्यावर तसंच राहतं. खाली निवेदकाच्या शंका एकामागून एक येत राहतात : ही खोटं का बोलते आहे, काल हिचा हात का थरथरत होता. चेहरा आणि मन एकाच वेळी, हवा तितका वेळ समोर ठेवणं इतकं सहज दुसऱ्या कुठल्या माध्यमात होत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. पुढची ओळ कधी यावी हे वाचकाचं बोट ठरवतं. भीती, संशय आणि कबुलीजबाब यांना हे फार मानवतं. तिसरी गोष्ट पुन्हा वाचण्याची. कादंबरी दुसऱ्यांदा वाचली तरी शब्द तेच असतात. इथे दुसऱ्या वाचनात गोष्ट बदलू शकते, आणि वाचकाला पहिलं वाचन आठवत असतं.

म्हणून रहस्यकथा, मानसिक भयकथा, प्रेमकथा, कोर्टातली कथा, बंद जागेत अडकलेल्या माणसांची कथा आणि कालचक्राची विज्ञानकथा इथे फुलतात. लढाया, पाठलाग, लांबचे प्रवास, जमावाची दृश्यं इथे दमतात. लहान कामाला दहा-बारा पार्श्वभूमी पुरतात. प्रवासकथेला तेवढ्या पहिल्या दोन प्रकरणांतच लागतील.

शंका असेल तर आपल्याच गोष्टीतला एक महत्त्वाचा प्रसंग घ्या आणि धावला, वळला, उडी मारली, झडप घातली अशी हालचालीची सगळी वाक्यं खोडून टाका. उरलेल्या मजकुरातून प्रसंग कळला आणि त्यातला ताण टिकला, तर तो इथे बसेल.

प्रश्न : माझ्याकडे चाळीस हजार शब्दांची रहस्यकथा तयार आहे. तिची व्हिज्युअल नॉव्हेल करायची तर काय बदलावं लागेल? खुनी वाचकाने ओळखायचा की गुप्तहेराने?

उत्तर : वाचकाने. आणि या एका उत्तरामुळे तुमची अर्धी कथा नव्याने बांधावी लागणार आहे.

छापील रहस्यकथेत गुप्तहेर वाचकाच्या चार पावलं पुढे असला तरी चालतं, उलट ते बरं वाटतं. इथे वाचक त्या पात्राच्या वतीने निवड करतो. पात्राला उत्तर आधीच माहीत असेल तर ती निवड पोकळ ठरते. तेव्हा एकतर निवेदन साहाय्यकाकडे द्या, नाहीतर गुप्तहेराला तेवढंच कळू द्या जेवढं वाचकाला कळलं आहे.

मग कात्री. खोल्यांची आणि चेहऱ्यांची वर्णनं जातील, 'तो म्हणाला', 'ती उत्तरली' जातील. चाळीस हजारांतले दहा-बारा हजार शब्द असे सहज गळतात, आणि तेवढेच शब्द चुकीच्या आरोपांच्या शाखांसाठी परत लागतात. एका चौकटीत पंचवीसपेक्षा जास्त शब्द ठेवू नका. सरासरी सोळा धरली तर वीस हजार शब्दांची साडेबाराशे क्लिक होतात. प्रत्येक क्लिकला काहीतरी हाती लागलं पाहिजे, या हिशोबाने परिच्छेद तोडा.

आता पुरावे. इथे सगळ्यात जास्त घोटाळा चित्रांमुळे होतो. पार्श्वभूमी पडद्यावर दहा-दहा मिनिटं स्थिर असते आणि वाचक ती निरखून बघतो. खुनाच्या प्रसंगासाठीच म्हणून टेबलावर कात्री काढलीत तर ती ओरडून सांगते की मी पुरावा आहे. खोली पहिल्यांदा दिसते तेव्हापासून कात्री तिथे हवी, आणि तितक्याच बारकाईने काढलेल्या आणखी पाच-सहा वस्तू शेजारी हव्यात. पात्रचित्रंही अशीच चुगली करतात. शेजाऱ्याचे दोन हावभाव आणि 'सहज आलेल्या' डॉक्टरांचे आठ, हे दिसलं की हुशार वाचक खुनी कोण ते दुसऱ्या प्रकरणात सांगतो. सगळ्या संशयितांना सारखीच पोझ, सारखेच हावभाव द्या, आवाज असतील तर सगळ्यांना द्या. चित्रसंग्रहाच्या पानावरचे रिकामे चौकोन आणि सेव्ह फाइलवर दिसणारी प्रकरणांची नावं हीसुद्धा तपासा. तिथूनही गुपितं गळतात.

विचारायचं कसं? 'खुनी कोण?' म्हणून तीन नावं पुढे ठेवलीत तर अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तीनात एक. कोणी, कशाने, कधी असे तीन-तीन पर्यायांचे तीन प्रश्न विचारा आणि निकाल तिन्हींनंतर एकदम द्या. शक्यता सत्तावीसात एक होते. प्रत्येक प्रश्नानंतर 'चूक' असं सांगितलंत तर हा फायदा गेला. याहून चांगली पद्धत २००१ च्या 'ग्याकुतेन साइबान' या कोर्टकथेत आहे, जी इंग्रजीत 'एस अॅटर्नी' म्हणून आली : साक्षीदाराचं एक विधान निवडायचं आणि त्याला खोटं पाडणारा पुरावा समोर ठेवायचा. पाच विधानं आणि दहा पुरावे म्हणजे पन्नास जोड्या, त्यामुळे अंदाजपंचे काम भागत नाही.

चुकलेल्या वाचकाला लगेच दारातून परत पाठवू नका. चुकीचा आरोप सहाशे-आठशे शब्द चालू द्या आणि तो नेमका कोणत्या पुराव्यावर कोसळतो ते दाखवा, म्हणजे काय हुकलं ते वाचकाला कळेल. १९९४ च्या 'कामाइताची नो योरु'मध्ये खुनी वेळेत सापडला नाही तर आणखी माणसं मरत जातात. शिक्षा गोष्टीतूनच यावी, ती अशी.

शेवटचं तांत्रिक. व्हिज्युअल नॉव्हेल बनवण्याच्या रेनपाय या मोफत साधनात वाचक माउसचं चाक फिरवून मागच्या ओळीवर जाऊ शकतो. आरोपाच्या क्षणी ही सोय तशीच ठेवली तर तो तीनही पर्याय चाखून बघतो. मागे वाचता येईल पण निवड बदलता येणार नाही, अशी व्यवस्था रेनपायमध्ये आहे, ती वापरा. मागे जाणं पूर्ण बंद करू नका. रहस्यकथेचा वाचक मागची साक्ष पुन्हा वाचणारच, आणि तो त्याचा हक्क आहे.

प्रश्न : भयकथा लिहिली, भुताचं उत्तम चित्रही काढून घेतलं, पण वाचून कोणी घाबरत नाही. काय चुकलं?

उत्तर : बहुधा ते उत्तम चित्रच आड आलं. चित्रपटात भूत दीड सेकंद दिसतं, म्हणजे सेकंदाला चोवीस फ्रेमच्या वेगाने छत्तीस फ्रेम, आणि दिग्दर्शक ते काढून घेतो. तुमच्या पडद्यावर ते वाचकाच्या क्लिकची वाट बघत उभं राहतं. चाळीस सेकंदांत वाचकाला ब्रशचे फटके दिसू लागतात. असं चित्र दाखवायचंच असेल तर क्लिकची वाट न बघता पाव ते अर्ध्या सेकंदात आपोआप निघून जाऊ द्या. नाहीतर दाखवूच नका. ते पाहणाऱ्याचा चेहरा दाखवा.

या माध्यमाची भीती दुसरीकडे आहे. दार उघडायचं की नाही हे ठरवणारा वाचक असतो, आणि पुढे जायला दुसरा मार्ग नसतो. म्हणून दाराजवळ आल्यावर वाक्यं लहान करा, एका क्लिकला एकच कृती. "हात कडीवर ठेवला." क्लिक. "कडी गरम होती." क्लिक. इथे वाचक स्वतःहून रेंगाळतो. चित्रपटाला हे रेंगाळणं विकत घ्यावं लागतं, तुम्हाला ते फुकट मिळतं.

स्थिर चेहऱ्याचाही उपयोग करा. एक हसरं पात्रचित्र वीस मिनिटं तसंच ठेवा. बोलणं हळूहळू काळं होत जाऊ द्या, हसू बदलू नका. मग एका वाक्याला फक्त डोळ्यांची बुबुळं सरळ वाचकाकडे वळवा, बाकी काहीही न हलवता. यासाठी चेहऱ्याचे भाग वेगवेगळ्या थरांत काढून घ्यावे लागतात, ते चित्रकाराला आधीच सांगा. सपाट चित्रातून डोळे नंतर सोडवून काढणं हे दुप्पट काम होतं.

आवाज तर निम्मं काम करतो. संगीत तीन सेकंदांत हळू विझवणं म्हणजे प्रसंग संपल्याची खूण. तेच वाक्याच्या मध्यावर शून्य सेकंदात तोडलंत तर वाचकाचा श्वास अडकतो. दचकवणारा मोठा आवाज मात्र एकदाच वापरा. दुसऱ्यांदा वाचक आवाज कमी करून बसतो, आणि मग तुमची शांतताही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

माध्यमाचे नियमच मोडून घाबरवण्याची वाट २०१७ च्या 'डोकी डोकी लिटरेचर क्लब'ने फार लोकांपर्यंत नेली. ती रेनपायमध्येच केली होती आणि वाचकाच्या संगणकावरच्या पात्रांच्या फाइल्सही तिने गोष्टीत ओढल्या. ती युक्ती चालली कारण आधी तासभर तिने शाळकरी प्रेमकथेचे सगळे संकेत इमानेइतबारे पाळले होते. आधी संकेत पक्का झाल्याशिवाय मोडण्याला अर्थ नाही. तिची नक्कल करणाऱ्या बहुतेकांची पाचव्याच मिनिटाला अक्षरं विस्कटू लागतात, आणि वाचकाला वाटतं की सॉफ्टवेअर बिघडलं.

दोन पथ्यं. वाचकाची खरी सेव्ह फाइल कधीही खराब करू नका. आणि पडदा लखलखवायचा असेल तर सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा नको. अपस्माराच्या काही रुग्णांना त्याने झटका येऊ शकतो. भयकथेत काय काय येणार आहे याची सूचना सुरुवातीलाच द्या, तिने भीती कमी होत नाही.

प्रश्न : विनोदी प्रसंग कागदावर हसवतो, स्क्रीनवर मात्र पडतो. असं का?

उत्तर : कारण पूर्ण वाक्य एकदम दिसतं आणि नजर आधी शेवटाकडे जाते. अक्षरं एकेक उमटण्याचा वेग तुम्ही ठेवलेला असतो, पण पुष्कळ वाचक तो 'ताबडतोब'वर नेऊन ठेवतात. तेव्हा विनोदाचा शेवटचा फटका पुढच्या चौकटीत टाका. ऐकणाऱ्याचा चेहरा वाक्यासोबत बदलू नका, वाक्य संपल्यानंतरच्या क्लिकवर बदला. आधी बदललेला चेहरा विनोद फोडतो. फक्त तीन टिंबांची चौकट एका प्रसंगात एकदाच चालते. पात्रचित्र वीस पिक्सेल वर उडवून पाव सेकंदात खाली आणलं की दचकणं दिसतं, त्याहून जास्त अंगविक्षेपाच्या नादी लागू नका. धावपळीचा विनोद इथे नाहीच जमत. गैरसमजाचा विनोद फार छान जमतो, कारण तोंडाने एक आणि मनात दुसरं हे इथे सतत शेजारी शेजारी चालू शकतं.

प्रश्न : साहसकथेतल्या मारामाऱ्या व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये कशा दाखवायच्या? दोन पात्रचित्रं एकमेकांवर आदळवून पाहिली, हास्यास्पद दिसतं.

उत्तर : ती चित्रं बोलण्यासाठी काढलेली असतात, त्यांना पळायला लावलं की पुठ्ठ्याच्या बाहुल्या होतात. झटापट चालू असताना पात्रचित्रं पडद्यावरून काढून टाका.

या माध्यमात मारामारी वादविवादासारखी लिहावी लागते. २००४ ची 'फेट/स्टे नाइट' मारामाऱ्यांनी भरलेली आहे, पण तिच्यात तलवारीच्या घावापेक्षा कोणाची शक्ती कोणत्या नियमाने चालते आणि त्या नियमात फट कुठे आहे, याची चर्चा जास्त आहे. वाचक पुढचा घाव बघायला नाही, पुढचा युक्तिवाद ऐकायला क्लिक करतो. तुमची झुंज तीन-चार डावांत तोडा. प्रत्येक डावात एक अंदाज, एक निर्णय, एक परिणाम, आणि सगळं मिळून दीडशेच्या आसपास शब्द. दोन डावांच्या मध्ये परिस्थिती बदललीच पाहिजे : कोणाचा हात निकामी झाला, कोणाचं गुपित उघड झालं, दिवा विझला. डावानंतर सगळं होतं तिथेच असेल तर तो डाव काढून टाका.

चित्रांच्या बाबतीत, पूर्ण झुंजीसाठी एकच मोठं खास चित्र काढून घ्या, पण पडद्याच्या दीड-दोन पट आकाराचं. मग त्याचा कधी हात, कधी डोळा, कधी जमीन असा भाग जवळून दाखवता येतो आणि संपूर्ण चित्र शेवटच्या घावासाठी राखता येतं. पडदा हादरवायचा तो पाव सेकंद, आणि झुंजीत दोनदा-तीनदाच. दर घावाला हादरा दिलात की कोणताच घाव लागत नाही.

तरीही एक स्पष्ट मत : एकूण मजकुराचा तिसरा हिस्सा मारामारीत जात असेल तर ही गोष्ट कॉमिक म्हणून काढा. चौकटींच्या आकारातून आणि तिरप्या रेघांतून जी गती येते ती आमच्या माध्यमात येत नाही. तिथे ती गोष्ट सुखाने नांदेल.

प्रश्न : प्रेमकथेत तीन नायिका आणि तीन वेगळे मार्ग ठेवायचे आहेत. गुण मोजून मार्ग ठरवावा का? आणि इतकं लिखाण झेपेल का?

उत्तर : आधी आकडे बघा. सगळ्या मार्गांना समान असलेला सुरुवातीचा भाग आठ हजार शब्दांचा आणि तीन मार्ग प्रत्येकी नऊ हजारांचे धरले तर तुम्हाला पस्तीस हजार शब्द लिहायचे आहेत, आणि एका वाचनात वाचक त्यातले सतराच हजार बघणार आहे. हे मनाला पटत असेल तरच पुढे जा. प्रत्येक निवडीला गोष्ट कायमची फोडत गेलात तर मात्र कोणालाच झेपत नाही : दोन पर्यायांच्या पाच निवडींना बत्तीस वाटा होतात, दहा निवडींना एक हजार चोवीस. म्हणून समान भागातल्या निवडींनंतर शे-दोनशे शब्दांनी वाटा पुन्हा एकत्र आणा, निवडीची फक्त नोंद ठेवा, आणि खरी फूट एकदाच पाडा.

आता गुणांबद्दल. १९९४ च्या 'तोकिमेकी मेमोरियल'पासून मन जिंकण्याचा हिशोब आकड्यांत ठेवण्याची पद्धत लोकप्रिय झाली. तिचा तोटा असा की वाचक होयबा होतो : जे आवडेल ते बोला, गुण मिळवा. प्रेमकथेत हे फार वाईट दिसतं. त्यापेक्षा काय लक्षात ठेवलं, काय विचारलं, कुठे गप्प राहिलो, अशा चार-पाच खुणा ठेवा. तिने पहिल्या दिवशी सांगितलेली बहिणीची गोष्ट वाचकाला तिसऱ्या दिवशी आठवली का? त्या आठवणीने दार उघडू द्या. कौतुकाच्या तीन वाक्यांनी नको. आणि मार्ग कुठे फुटला हे वाचकाला मागाहून तरी कळलं पाहिजे. नाहीतर तो नको त्या नायिकेच्या मार्गावर जाऊन पडतो आणि कारण त्याला कधीच कळत नाही.

सगळ्यात अवघड चूक वेगळीच असते. पहिलीचा मार्ग निवडला तर दुसरीच्या दुखण्याचं काय होतं? तिच्या मार्गात ती नायकाच्या मदतीने वाचते, मग बाकीच्या दोन मार्गांत मरते का? आडवे मार्ग, उभी पात्रं असा तक्ता करा आणि प्रत्येक घरात एक ओळ लिहा. एकही घर रिकामं राहिलं तर वाचक ते तुमच्या आधी शोधतो. चांगल्या कामात या घरांमुळेच मार्ग एकमेकांना अर्थ देतात, पहिल्या मार्गातली चिडकी मुलगी तिसऱ्या मार्गात समजते.

टीव्ही मालिकेत किंवा चित्रपटात हे हरवतं. मालिका एकाच मार्गाने चालते, म्हणून रूपांतर करणाऱ्याला निवड करावी लागते. 'फेट/स्टे नाइट'च्या तीन मार्गांसाठी २००६ ची एक मालिका, २०१४-१५ ची दुसरी आणि २०१७ ते २०२० या काळातले तीन चित्रपट लागले. वाचकाच्या मनात तीन मार्गांची जी तुलना चालू असते, ती तीन वेगळ्या कलाकृतींत विखुरते.

प्रश्न : एकच दिवस पुन्हा पुन्हा जगणाऱ्या माणसाची विज्ञानकथा लिहितो आहे. वाचकाला तोच मजकूर परत परत वाचावा लागेल, कंटाळा येणार नाही का?

उत्तर : तुम्ही अगदी योग्य माध्यमात आला आहात. चित्रपटात फक्त नायकाला मागचा फेरा आठवतो. इथे वाचकाला स्वतःला आठवतो, कारण चुकीचा पर्याय त्यानेच निवडला होता. १९९६ च्या 'यू-नो'ने शाखांचा नकाशाच गोष्टीचा भाग केला, आणि २०१२ च्या 'व्हर्च्युज लास्ट रिवॉर्ड'मध्ये वाचक नकाशावरून एका शाखेतून दुसरीत उडी मारतो, एका शाखेत मिळालेला सांकेतिक शब्द दुसरीत वापरतो.

कंटाळ्यावर उपाय 'वाचलेलं वगळा' या बटनात आहे, पण त्यात एक खड्डा आहे. रेनपाय कोणती ओळ वाचून झाली हे त्या ओळीच्या नोंदीवरून ठरवतं, पडद्यावरच्या शब्दांवरून नव्हे. "आज घड्याळ बंद होतं" या ओळीतला 'बंद' हा शब्द दुसऱ्या फेऱ्यात व्हेरिएबलने, म्हणजे प्रोग्रामच्या बदलत्या नोंदीने, 'चालू' केलात, तर वगळण्याचं बटन त्या ओळीवरून भरधाव निघून जातं आणि तुमचा मोठा धागा कोणाला दिसतच नाही. बदललेली ओळ स्वतंत्र ओळ म्हणून लिहा. नवी ओळ आली की वगळणं आपोआप थांबतं, आणि ते थांबणंच वाचकाला सांगतं की इथे काहीतरी वेगळं आहे. शंभर ओळी सरसर गेल्या आणि एका साध्या "नमस्कार"वर पडदा थांबला, यासारखा शहारा कादंबरीत आणता येत नाही.

पहिला फेरा आठ-दहा हजार शब्दांचा असला तर दुसऱ्यात नवे शब्द तीन हजार तरी हवेत. आणि नायकाला चौथ्या फेऱ्यापर्यंत काही कळू नये असं करू नका. वाचक दुसऱ्याच फेऱ्यात ओळखतो आणि मग मठ्ठ नायकाच्या मागून चालायला कंटाळतो.

प्रश्न : तीन पिढ्यांची, अठ्ठावीस पात्रांची कौटुंबिक गाथा जमेल का?

उत्तर : अठ्ठावीस पात्रं, प्रत्येकाची तीन वयं, प्रत्येक वयाचे आठ हावभाव : सहाशे बहात्तर चित्रं. कादंबरीच लिहा. फारच मोह असेल तर एक घर, एक रात्र आणि सहा माणसं एवढं कापून घ्या आणि बाकीची पिढी बोलण्यातून येऊ द्या. दुसरी वाट पडदाभर मजकुराची : चेहरे न दाखवता फक्त घराची चित्रं, संगीत आणि त्यावर निवेदन. गाथेला ती शोभते, पण मग चेहरा आणि मन एकत्र दाखवण्याची सोय हातून जाते.

प्रश्न : माझ्या शोकांतिकेचा शेवट एकच आहे. पर्याय नसतील तर त्याला व्हिज्युअल नॉव्हेल म्हणता येईल का?

उत्तर : येईल. २००२ मध्ये सुरू झालेल्या 'हिगुराशी' मालिकेत वाचकाला गोष्ट वळवणारे पर्याय नाहीत, तरी ती या प्रकारातल्या गाजलेल्या कामांपैकी आहे. की या कंपनीच्या २००४ च्या 'प्लॅनेटेरियन'सारख्या सरळ रेषेतल्या कथांना 'कायनेटिक नॉव्हेल' असं नावही आहे. खोटे पर्याय मात्र टाकू नका. 'डावीकडे जा' आणि 'उजवीकडे जा' दोन्ही एकाच ओळीवर पोहोचतात हे वाचकाला दुसऱ्यांदा कळलं की तिसऱ्या पर्यायापासून तो वाचणं सोडून नुसती बटनं दाबतो. अपवाद एकच : काहीही निवडलं तरी टळत नाही, हेच तुमच्या शोकांतिकेचं म्हणणं असेल तर असा पर्याय एकदाच, अगदी शेवटाजवळ ठेवा.

प्रश्न : रेनपायमध्ये मराठी मजकूर टाकला की चौकोन दिसतात, किंवा ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी जाते.

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. चौकोन दिसतात कारण रेनपायसोबत येणाऱ्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरीसारखा मोफत फॉन्ट प्रकल्पाच्या गेम फोल्डरमध्ये ठेवा आणि जीयूआयच्या (पडद्याच्या मांडणीच्या) फाइलमध्ये मजकूर, पात्राचं नाव आणि मेनू अशा तिन्ही ठिकाणी त्याचं नाव लिहा. एक जागा विसरली की पात्राच्या नावाच्या जागी चौकोन उरतात. वेलांटी आणि जोडाक्षरं फुटतात ती जुन्या आवृत्तीमुळे. ८.१ पासून रेनपाय अक्षरजुळणीसाठी हार्फबझ ही प्रणाली वापरतं, त्यामुळे ती किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या. नंतर ओळींमधलं अंतर थोडं वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांना भिडतात. १२८० बाय ७२० च्या पडद्यावर अक्षर २८ ते ३० पिक्सेलचं ठेवा, आणि तुमच्या गोष्टीतलं सगळ्यात लांब वाक्य चौकटीत मावतंय का ते सगळ्यात आधी बघा.